चिलखत आधी, सातवं प्रकरण नंतर: इंदूरच्या गच्चीवरच्या नोंदी

१२ जानेवारी

कादंबरीचा पहिला खर्डा डिसेंबरात पुरा झाला. राज्य कल्पित, नद्या कल्पित, आकाशात दोन चंद्र. खर्डा मैत्रिणीला वाचायला दिला. तिने आज फोन करून एकच गोष्ट विचारली. "सातव्या प्रकरणात तुझी सेनापती चिलखतासकट नदी पोहून जाते. त्या चिलखताचं वजन तू किती धरलंयस?"

मी काहीच धरलं नव्हतं. रात्री खर्डा चाळला. 'चिलखत' हा शब्द एकोणीस ठिकाणी आहे. ते कशाचं, किती जाड, घालायचं कसं आणि काढायचं कसं, हे एकाही ठिकाणी नाही. दोन चंद्र वाचक मान्य करतो, कारण ते आहेत असं मी त्याला सांगितलं आहे. लोखंडाबद्दल मी वेगळं काही सांगितलेलं नाही, म्हणजे ते आपल्याच जगातलं लोखंड. मग त्याने लोखंडासारखंच वागायला हवं.

तेव्हा कड्यांचं एक चिलखत स्वतः करायचं, अंगावर घालायचं आणि मग खर्डा दुरुस्त करायचा, असं ठरवलं. जिरेबख्तराच्या धर्तीवर आत कड्यांचा अंगरखा आणि वर छाती, पाठ आणि दोन्ही बगलांवर चार पत्रे, म्हणजे चार आईना. 'जिरेटोप' शब्दातला 'जिरे' म्हणजे मूळ फारसीत कड्यांचं चिलखत, हे मला आजच कळलं. कुणाला असंच काही करून पाहायचं असेल तर माझे तास वाचावेत, म्हणून चुकाही लिहून ठेवते आहे.

१५ जानेवारी

सियागंजातून १८ गेजची जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार आणली, दोन किलो, २२० रुपये. दहा मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळून कड्या पाडल्या. संध्याकाळपर्यंत हातभर लांब आणि वीतभर रुंद पट्टा तयार झाला. छान लवलवत होता.

बाबांनी पट्ट्यात दोन बोटं घातली आणि ताणली. पाच कड्या उघडल्या. बाबा गिरणीत फिटर होते, तीस वर्षं लोखंडात गेलेली. म्हणाले, "अगं, तार बारीक आणि कडी मोठी. हे शोभेचं झालं." खरं होतं. कडीचा आतला व्यास तारेच्या जाडीच्या पाचपट असला की वीण घट्ट बसते आणि तरी लवते. माझा आठपटीच्या वर गेला होता. सगळी तार बाजूला ठेवली. टोमॅटोच्या वेलांना कामी येईल.

१८ जानेवारी

आधीपेक्षा जाड, १६ गेजची तार आणली, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाडीची. सळई आठ मिलिमीटरची. बाबांनी सळईच्या एका टोकाला भोक पाडून तारेचं टोक अडकवायची सोय केली, दुसऱ्या टोकाला वाकवून हँडल केलं आणि ती दोन लाकडी ठोकळ्यांत बसवली. आता मीटरभर तार काही सेकंदांत गुंडाळली जाते. या खटपटीचा खर्च १५० रुपये.

सळईवरून स्प्रिंग सोडली की ती जराशी सैलावते, म्हणून कडी ८.३ मिलिमीटरची निघते. हे आधीच धरून चाला.

एक कडी साधारण अर्धा ग्रॅम भरते. किलोला दोन हजार.

२२ जानेवारी

कड्या कापण्यात चार दिवस गेले. कटरने कापलं की तारेचं टोक चिमटल्यासारखं होतं, पाचरीच्या आकाराचं. कडी मिटली तरी सांध्यात फट राहते आणि त्या फटीत कापड अडकून फाटतं. आईच्या जुन्या साडीवर पट्टा ओढून पाहिला, तिसऱ्या ओढीला धागे निघाले. हॅक्सॉने स्प्रिंग उभी कापली की टोकं सपाट मिळतात आणि सांधा बोटाला लागतही नाही. वेळ दुप्पट लागतो. तरी हॅक्सॉच.

स्वस्तातली पक्कडजोडी १८० रुपयांना घेतली होती, तिचा एक जबडा दुसऱ्याच दिवशी तुटला. नंतर ७६० रुपयांच्या दोन चांगल्या पक्कडी आणल्या. मूठ रुंद आणि जबडा आखूड असलेल्या घ्या. लांब नाकाच्या पक्कडीने मनगट भरून येतं.

२६ जानेवारी

विणायला घेतलं. प्रत्येक कडीत चार कड्या. पहिल्या तासाला कशाबशा नव्वद झाल्या. मग युक्ती सापडली. दोन डबे ठेवायचे, एकात आधीच मिटलेल्या कड्या, दुसऱ्यात उघड्या. एका उघड्या कडीत चार मिटलेल्या ओवायच्या आणि ती मिटायची. असे पाच-पाचांचे गुच्छ आधी करून ठेवायचे आणि मग एकमेकांना जोडायचे. आता तासाला अडीचशेच्या आसपास होतात. रात्री जेवणं झाली की आम्ही तिघं बसतो. आई कड्या मिटते, बाबा गुच्छ करतात, मी जोडते.

४ फेब्रुवारी

ही नोंद नीट वाचा.

जीआय तारेची चकचकीत चमक मला नको होती. थोड्या कड्या शेगडीवर लाल केल्या की काळपट होतील असं वाटलं. मागच्या बंद पडवीत शेगडी पेटवली. कड्या तापल्या, पांढरा धूर निघाला, मी वाकून पाहत राहिले. बाबा आतून ओरडले तोवर उशीर झाला होता. तो जस्ताचा धूर. रात्री नऊला हुडहुडी भरली, तोंडाला धातूची चव, अंग मोडून आलं. दुसरा दिवस अंथरुणातच गेला. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं.

जीआय तार कधीही तापवू नका, उघड्यावरसुद्धा नाही. तापवायचं काम असेल तर बांधकामाची काळी बाइंडिंग तार घ्या. तिच्यावर जस्त नसतं.

२० फेब्रुवारी

पुढचा भाग आणि पाठ वेगवेगळी विणून झाली. दोन्ही दोरीवर शेजारी टांगली आणि पोटात गोळाच आला. पुढचा भाग खाली येताना आत मिटत होता, दाट दिसत होता. पाठ मात्र जाळीसारखी उघडी पडली होती, आरपार भिंत दिसत होती. पाठीची वीण मी आडवी धरायची ती उभी धरली होती. या विणीला दिशा असते. कड्यांच्या ओळी अंगाभोवती आडव्या फिरल्या पाहिजेत. मग वजनाने ती मिटते, आणि श्वास घेताना छातीवर फाकते.

पाठ चौरस नव्हती, त्यामुळे नुसती फिरवून भागेना. कडेच्या ओळी उसवून पुन्हा घातल्या, नऊ तास गेले. पहिलं वीतभर विणून झालं की ते उभं टांगून पाहा. एका मिनिटाचं काम आहे.

१ मार्च

खांदे जोडले आणि पहिल्यांदा अंगात घातलं. हात खांद्याच्या वर जाईना. हात उचलला की सगळं चिलखत वर ओढलं जाई आणि गळ्याशी रुते. म्हणजे माझी सेनापती पहिल्या प्रकरणात डोक्यावर तलवार उगारते, ते या कपड्यात जमणारच नव्हतं.

मी पक्कड घेऊन डोकं धरून बसले होते. आई म्हणाली, "चौबगला घातलास का?" सदऱ्याच्या बगलेत जो चौकोनी तुकडा तिरका बसवतात, तो. कड्यांचं झालं तरी शेवटी तो अंगरखाच. दोन्ही बगलांत वीतभर चौकोन कर्णावर बसवले, सहा तास लागले. आता हात कानाला लागतो.

घालताना आणखी एक अडचण आली. गंजीसारखं डोक्यातून घातलं की केस कड्यांत अडकतात आणि उपटले जातात. काढताना तर कुणी धरल्याशिवाय निघत नाही. आपल्याकडची कितीतरी जिरेबख्तरं पुढून उघडी असत, कोटासारखी, पट्टे आणि बकलं लावलेली. मीही पुढची मधली ओळ उसवली आणि दोन जुन्या कमरपट्ट्यांचं चामडं लावून चार बकलं बसवली. चामडं, बकलं, रिव्हेट मिळून ३५० रुपये, त्यातच पुढे पत्र्यांचेही पट्टे झाले. आता एकटीने चाळीस सेकंदांत निघतं. हे चाळीस सेकंद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१९ मार्च, रंगपंचमी

राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, रस्ते बंद, बाजार बंद. घरी बसून वजन केलं. कड्यांचं चिलखत, बाह्या कोपरापर्यंत, लांबी मांडीच्या मध्यापर्यंत, ८.८ किलो. ओळी मोजून कड्या साधारण १७,६०० निघाल्या. विणण्याचे तास ८४.

हातात धरलं तर जड वाटतं, अंगात घातलं तर तेवढं नाही. पण वीस मिनिटांनी खांदे दुखू लागले. सगळं ओझं दोन खांद्यांवर होतं. बाबांनी त्यांचा जुना शेला आणून माझ्या कमरेला आवळून बांधला, वरचं चिलखत थोडं उचलून शेल्यावर सैल सोडलं. तत्क्षणी खांदे हलके झाले. निम्मं ओझं कमरेवर आलं. जुन्या चित्रांतले सरदार कमरेला एवढं कापड का गुंडाळतात, याचं निदान एक कारण आज अंगाला कळलं. खर्ड्यात माझ्या एकाही सैनिकाला कमरबंद नव्हता. आता आहे.

आवाजाबद्दलही लिहायला हवं. मी खणखणाट लिहिला होता. नुसत्या कड्यांचा खणखणाट होत नाही. सुपात गहू पाखडताना येते तशी सळसळ येते. वळलं की 'सर्र', थांबलं की शांत.

२ एप्रिल

मध्यंतरी लग्नाला पुण्याला गेले होते. तिथे एका संग्रहालयात जुनं चिलखत काचेला नाक लावून पाहिलं. माझ्या कड्या नुसत्या मिटलेल्या आहेत, टोकाला टोक. त्या चिलखतातल्या कड्यांची टोकं एकावर एक चढवून चपटी केलेली होती आणि प्रत्येकीत बारीक रिव्हेट ठोकलेला. कडी माझ्या कडीपेक्षा लहान.

परत आल्यावर ७० रुपयांची काळी बाइंडिंग तार घेऊन तळहाताएवढा तुकडा रिव्हेटने करून पाहिला. कडी वळवायची, टोकं चढवायची, एरणीवर चपटी करायची, पोगराने भोक पाडायचं, त्यात तारेचा कण घालायचा, ठोकायचा. अर्ध्या कड्या भोक पाडतानाच चिरल्या. तार आणखी मऊ करून घेतल्यावर जमलं. ८४ कड्यांना साडेसात तास लागले.

या वेगाने १७,६०० कड्यांना दीड हजाराहून जास्त तास लागतील. जुने कारागीर माझ्यापेक्षा कितीतरी चपळ असणार आणि काम वाटून घेत असणार. आपल्याकडे पुष्कळदा एक ओळ सांधा नसलेल्या अखंड कड्यांची आणि एक रिव्हेटची अशी वीण असे, त्यामुळे रिव्हेटचं काम निम्म्यावर येई. तरीही ही वस्तू महागच राहणार. माझ्या तिसऱ्या प्रकरणात दहा हजार पायदळ 'चिलखतं चढवून' उभं होतं. ते राज्य एवढं लोखंड आणि एवढे हात आणणार कुठून? आता चिलखत सरदारांना आणि निवडक स्वारांना. पायदळाला कापसाचा जाड डगला आणि ढाल. एका शिपायाकडे मेलेल्या सरदाराचं चिलखत येतं, आणि त्यावरून तंट्याचं एक नवं पान लिहून झालं.

१३ एप्रिल

चाचणीचा दिवस. भाचा सुटीला आला आहे. त्याला जवळ यायचं नाही अशी ताकीद देऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. हातमोजे, चष्मे सगळ्यांना.

आधी टोचणं. पोगर घासून अणकुचीदार केला, तीन किलोच्या नळीच्या टोकाला बसवला आणि मोठ्या पाइपातून मीटरभर उंचीवरून वाळूच्या पोत्यावर सोडला. वर माझ्या नुसत्या मिटलेल्या कड्या होत्या. तीन उघडल्या आणि पोगर चार बोटं आत गेला. रिव्हेटच्या तुकड्यावर सोडला तर एक कडी लांबट झाली, टोक जवभर आत शिरून थांबलं. कट्यारीचं टोक काही वेळा मुद्दाम जाड ठेवत, ते कड्या फोडायलाच. कडीत शिरून तिला आतून फाकवायचं काम बारीक टोकाला जमत नाही.

मग वार. गादीवर कलिंगड ठेवलं, त्यावर चिलखताची बाही पसरली आणि बाबांनी कोयता मारला. पूर्ण ताकदीने. भाचा पळत आला, "मावशी, एकपण कडी नाही तुटली!" खरंच नाही. दोन कड्यांवर नखाएवढी खूण, बस. पण कड्यांमधून लाल पाणी झिरपायला लागलं. बाही उचलली तर खाली कलिंगड देठापासून बुडापर्यंत तडकलेलं होतं.

मी बराच वेळ त्या कलिंगडाकडे पाहत होते. माझ्या खर्ड्यात नायकाची तलवार शत्रूचं चिलखत लोण्यासारखं कापते. तसं होत नाही. आणि दुसरीकडे, चिलखत असल्यामुळे सेनापतीला वार 'जाणवलाही नाही' असंही मी लिहिलं होतं. तेही होत नाही. धार अडते, दणका अडत नाही. बरगडी आतल्या आत मोडते. अकराव्या प्रकरणातली तिची जखम आता रक्ताची नाही. वरून काही दिसत नाही, पण तिला श्वास पुरत नाही.

२० एप्रिल

म्हणून आत डगला. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला, मांजरपाटाचे थर, मध्ये कापूस, आणि दर दीड बोटावर उभा टाका. कापड, कापूस, पिंजणावळ मिळून १,२५० रुपये. आईने पंधरा तास, मी सात. गोधडी शिवायचाच टाका, फक्त दोरा दुहेरी. पहिल्यांदा टाके फार लांब घातले होते, कापूस खाली घसरून पोटाशी गोळा झाला. अर्धं उसवलं.

कलिंगड पुन्हा. डगला, त्यावर बाही, तोच कोयता, तेच बाबा. साल अखंड राहिली. कापून पाहिलं तेव्हा वाराखालचा गर वाटीभर मऊ पडलेला. म्हणजे मोठा मुका मार, पण माणूस उभा राहील. चाचण्यांत एकूण चार कलिंगडं गेली, १६० रुपये. गर वाया नाही गेला.

२७ एप्रिल

चार आईना. १.२ मिलिमीटरचा पत्रा पालद्याहून कापून आणला, ९०० रुपये, वाकवणावळ ४००. पुढे आणि मागे २७ बाय २१ सेंटिमीटर, बगलेचे दोन लहान.

खर्ड्यात सेनापतीचं उरस्त्राण तिच्या छातीच्या आकाराचं घडवलेलं होतं, चित्रांत दिसतं तसं. तसा कागदी साचा करून बाबांना दाखवला. त्यांनी साच्याच्या मधल्या खोबणीवर बोट ठेवलं. "इकडून मारलं तर घाव घसरून कुठे जाईल? तिकडून मारलं तर?" दोन्हीकडून बरोबर छातीच्या हाडावर. चिलखताचं काम घाव बाहेर फेकायचं, हे तर घाव गोळा करून मध्ये आणत होतं. साचा फाडला. साधा, मध्ये जरा फुगीर, कडांकडे उतरता पत्रा केला. आत डगला असल्याने तो मला नीट बसतो, आणि बाबांनाही बसतो.

बगलेच्या पत्र्यांची वरची कड मी सरळ ठेवली होती. हात खाली घेतला की ती काखेत रुतली, ओरखडा अजून आहे. जुन्या चार आईन्यांत बगलेच्या पत्र्याला वर अर्धगोल कापलेला असतो, तो यासाठी. कानशीने कापून काढला, अडीच तास. पत्रा कड्यांवर घासून कर्र आवाज करत होता, म्हणून आतून मखमलीचा तुकडा चिकटवला. पट्ट्यांसकट वजन १.९ किलो.

४ मे

सगळं घालून चार जिने चढले, उतरले, पुन्हा चढले. कड्या ८.८, पत्रे १.९, डगला १.९, एकूण १२.६ किलो. धाप लागली, पण चढता आलं. खाली बसून उठता आलं, लोळून उठता आलं. चिलखत घातलेला माणूस पडला की उलट्या कासवासारखा पडून राहतो, हे चौथ्या प्रकरणातलं वाक्य काढलं. ओझं अंगभर वाटलेलं असतं. पाठीवरच्या पिशवीतले बारा किलो यापेक्षा जास्त छळतात.

छळलं ते उन्हाने. अकरा वाजता गच्चीवर गेले, दहा मिनिटांत पत्र्याला हात लावता येईना. पंचविसाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे काजवे. वरून सुती पांढरा अंगरखा घातला तेव्हा आणखी वेळ निभावलं. अफझलखानाच्या भेटीला शिवाजी महाराजांनी अंगरख्याआड चिलखत घातलं होतं, ते लपवण्यासाठी. आज वाटलं, लढाईच्या मैदानातही वरून कापड हवंच. माझ्या राज्यात वाळवंट आहे आणि तिथे सैन्य उघड्या चकचकीत पोलादात चालत होतं. सगळ्यांना अंगरखे दिले.

तलवारीचंही याच दिवशी उरकलं. खर्ड्यात ती 'दहा शेर वजनाची' होती. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणजे नऊ किलोच्या वर. बाबांचा पाच किलोचा घण दोन्ही हातांनी फिरवून पाहिला. फिरतो, पण मध्येच थांबवता येत नाही, आणि तलवारबाजीत थांबवणंच जास्त लागतं. एका हाताच्या खऱ्या तलवारी किलो-सव्वा किलोच्या असतात. आता तिची तलवार सव्वा शेर.

९ मे

भाच्याने विचारलं, "मावशी, नवव्या प्रकरणातल्या हत्तीचं काय?" माझा हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत सोन्याने मढवलेला आहे. इंग्लंडात लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये भारतातलं हत्तीचं चिलखत आहे, पत्रे आणि कड्या एकत्र गुंफलेलं. जेवढं शिल्लक आहे तेवढंच ११८ किलोचं. सोनं लोखंडाच्या अडीचपट जड, आणि मऊ. माझ्या हत्तीवरचं सोनं काढलं, पोलाद घातलं, कडेच्या ओळी पितळेच्या केल्या. पितळी आणि लोखंडी कड्या मिसळून नक्षी विणायची रीत आपल्याकडे होतीच. उन्हात तो आता जास्त देखणा दिसतो.

१८ मे

शेवटी नदी. ज्यासाठी हे सगळं मांडलं.

डगला गच्चीवरच्या टबात बुडवला. सुरुवातीला तरंगलाच, कापसातली हवा. पाच मिनिटांनी बुडाला. बाहेर काढून दहा मिनिटं निथळू दिला आणि ताणकाट्याला लावला. कोरडा १.९, ओला ६.३ किलो. मी लगेच बेरीज केली, सतरा किलो, ती बुडणार. बाबांनी थांबवलं. "पाण्याच्या आत भिजल्या कापसाचं ओझं लागत नाही. काठावर चढताना लागेल. पाण्यात खाली ओढणार ते लोखंड." पाणी लोखंडाचंही थोडं वजन उचलतं, तरी नऊ किलोच्या वर उरतंच. जवळचा पोहणारा घेऊन तरणतलावाच्या उथळ टोकाला, नुसती कमरेला नऊ किलोच्या वजनांची पिशवी बांधून पाहिली. कमरेएवढ्या पाण्यात उभी होते म्हणून ठीक. पाय उचलले की थेट तळाला. पुराच्या पाण्यात तर विचारच नको.

मग काढून टाकायचं, तर त्या चाळीस सेकंदांचा प्रश्न. चामड्याचे पट्टे तासभर भिजवले आणि बकलं सोडून पाहिली. चामडं फुगलं होतं, पहिल्या बकललाच दीड मिनिट लागलं. म्हणजे पाण्यात पडल्यावर काढणं शक्य नाही. काठावरच ठरवावं लागतं.

२५ मे

सातवं प्रकरण नव्याने लिहिलं. मागे घोडे, पुढे पूर. ती काठावर उभी राहून चार बकलं सोडते. आधी ती हे एका वाक्यात करत होती, आता दीड पान लागलं, कारण कुठलं बकल अडतं ते मला माहीत आहे. शेला सोडते तेव्हा सगळं ओझं पुन्हा खांद्यांवर येतं, तेही आलं. डगलाही काढते. चिलखत बाभळीच्या फांदीला टांगते आणि नुसत्या सदऱ्यात पाण्यात उतरते. पलीकडे पोचते तेव्हा तिच्याजवळ सव्वा शेराची तलवार आहे, अंगावर काही नाही. त्यामुळे आठव्या प्रकरणातली लढाई पूर्ण बदलली, तिला वार अंगावर घेता येत नाहीत. आणि शत्रूला बाभळीवर तिचं चिलखत सापडतं.

मैत्रिणीला दोन्ही प्रकरणं पाठवली.

२२ जून

पहिला पाऊस. चिलखत पडवीत टांगलेलं होतं, चार दिवसांत प्रत्येक सांध्यावर तांबूस ठिपका आला. कापलेल्या टोकांवर जस्त नसतं, गंज तिथून धरतो. रिव्हेटचा तुकडा तर पूर्ण तांबडा. गोणपाटात कोरडी वाळू आणि लाकडाचा भुसा भरून चिलखत आत घातलं, तोंड शिवलं आणि भाच्याने गच्चीवर अर्धा तास लोळवलं. कड्या एकमेकींवर घासून स्वच्छ निघतात, घासायला ब्रश लागत नाही. नंतर जवसाच्या तेलाचा हात फिरवला.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: १६ गेजची तार एकूण बारा किलो लागली, १,२९० रुपये. बाकीचे आकडे वर आले आहेत, सगळे मिळून ५,७३० रुपये. तास दीडशेच्या आसपास, त्यांतले एकवीस उसवण्या-जोडण्यात गेले.

पुढचं काम जिरेटोपाला मागे लावायची कड्यांची झालर, झिलम. त्यासाठी सहा मिलिमीटरची सळई बाबांनी आजच घासून ठेवली आहे.